बर्फावर बगीचा

भंडाऱ्याहून पूल ओलांडून ऑटोनं तृप्तीला कारध्यात घरापुढं सोडलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलचं ऊन, डोक्यावरचा दुपट्टासुद्धा चटका देत होता. पिशवीत परीक्षेच्या वह्या होत्या, सकाळी नऊला जाऊन बायंडिंग करून आणलेल्या. चार वाजता लिलाधरकाका पिकअप घेऊन येणार, तिचं चित्र त्यात चढणार, आणि उद्या सकाळी दहाला नागपूरच्या कॉलेजात ते परीक्षकांपुढं उभं राहणार. चित्रकलेचं शेवटचं वर्ष होतं. उद्या चित्र नाही तर वर्ष गेलं, त्यात काही मागंपुढं नव्हतं.

दारातच तिच्या नाकात सरसाचा वास शिरला.

सरस म्हणजे पडदे रंगवणाऱ्यांचा डिंक. चुलीवर शिजवायचा आणि त्यात भुकटीचा रंग कालवायचा. वास असा की नवखा माणूस नाक धरून पळेल. पण तृप्ती त्या वासातच वाढलेली. आणि दोन वर्षांत या घरात सरस शिजला नव्हता!

तिचा बाप देवाजी पेंटर. दिवाळी झाली, धान घरात आलं, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भातपट्ट्यात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांचे पडदे चाळीस वर्षं देवाजीच्या हातचे होते. दरबार, जंगल, रस्ता, आणि सगळ्यांत गाजलेला बगीचा. नाटक पडलं तरी चालेल पण बगीचा देवाजीचाच पाहिजे, असं कंपनीवाले म्हणायचे. मग दोन वर्षांमागं त्याला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. हात हलवत राहा, येईल परत, असं डॉक्टरनं शंभरदा सांगितलं. पण देवाजी महा हट्टी. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यानं गोठ्यात भिरकावला. ब्रश दिसला की हा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपायचा. तृप्ती तीन आठवडे ओसरीत चित्र काढत होती, तर हा एकदा तिकडं फिरकला नाही.

म्हणून वास आला तशा तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाबांनी सरस शिजवला! चपला काढायचं भान न ठेवता ती ओसरीत धावली, आणि तिथंच थबकली.

तिचं चित्र कुठंच नव्हतं.

कॅनव्हास तोच होता, चार बाय पाच फुटांचा, खिडकीजवळच्या घोडीवर टेकवलेला. पण त्यावर हिरवागार बगीचा फुलला होता. झाडं पानांनी गच्च, गुलाब फूलकोबीएवढे, कारंज्यातून पाण्याच्या सात धारा, आणि दोन्ही बाजूंना एकेक मोर, माना वळवून एकमेकांकडं पाहत असलेले. खाली पिवळ्या अक्षरांत, पडद्यांवर लिहितात तसं, ऐटीत लिहिलं होतं: ‘देवाजी पेंटर आणि कन्या, कारधा.’

समोर स्टुलावर देवाजी बसला होता. कपाळावर घाम, बनियनवर हिरवे शिंतोडे, आणि उजव्या हातात ब्रश. उजव्या!

"आली का माय? ये, ये. पाह्य कसा जमला त," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की तृप्तीनं तो तसा पाहिल्याला किती वर्षं झाली, तिलाच आठवेना.

ती चपलांसकट कॅनव्हासपाशी गेली. देवाजी पुढं बोलतच होता.

"अस्तर मस्त मारलं होतं तू. थोडंसं जाड झालं होतं, पण चालते. आन् आखणी त एक नंबर! झाडाच्या रांगा, रस्ते, मधात कारंजं, सारं जागच्या जागी. फक्त ब्रश अस्तरावरच पुसत जाऊ नये बेटा, कित्ती बखत सांगतलं तुले. निळे-जांभळे डागच डाग होते. झाकले मी सारे."

डाग! तृप्तीला वाटलं, आपण आता मोठ्यानं हसू किंवा मोठ्यानं किंचाळू.

ते डाग नव्हते. ती बर्फावरची सावली होती. कॉलेजात विषयाच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा तिच्या वाट्याला हिवाळा आला. इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं काढायचा, म्हणजे रेघ कमी आणि उजेड जास्त, जवळून पाहिलं तर नुसते फटकारे आणि दहा फुटांवरून अख्खं दृश्य. कोणी धुकं काढलं, कोणी शेकोटी काढली. हिनं मोबाइलवर परदेशातला एक राजेशाही बगीचा शोधला, पट्टीनं आखल्यासारखा, कापलेल्या कुंपणांचा, सगळा बर्फाखाली गाडलेला. सर म्हणाले, "तू बर्फ फ्रिजमधलंच पाहिलं आहेस ना? कशाला नसतं धाडस?" मग तर ती इरेलाच पेटली. बर्फ पांढरं नसतं हे कळायलाच तिला आठ दिवस लागले. सावलीत ते निळं असतं, संध्याकाळी जांभळं, उन्हाच्या कडेला गुलाबी. बेचाळीस डिग्रीच्या उकाड्यात, कूलरपुढं बसून, तिनं तो गारठा एकेक फटकाऱ्यानं उभा केला होता.

आणि देवाजीला त्यात दिसलं अस्तर. त्याचा तरी काय दोष म्हणावा! पडद्याच्या कामात कापडावर आधी खडू आणि सरसाचा पांढरा हात मारतात, तेच अस्तर. ते मारायचं शिकाऊ पोरांनी. त्यावर कोळशानं आखणी करायची तीही पोरांनी. मग सगळं तसंच सोडून बाजूला व्हायचं, कारण रंग भरणार उस्ताद. पोरांनी पांढरं करून ठेवलेल्या कापडापुढं देवाजी चाळीस वर्षं असाच येऊन उभा राहिला होता.

त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला. "मले समजलं बेटा. सकाळी पाहिलं, आन् लगेच समजलं. तोंडानं नाही बोलली, पण अस्तर मारून ठेवलं. बाबा उठतीन आन् भरतीन म्हणून. माह्यासाठीच ठेवलं होतं ना तू?"

तृप्ती काही बोलण्याआधीच आईनं तिचा दंड धरला आणि तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं. रुखमाबाईची पकड धानाचे भारे बांधणाऱ्या बाईची, तिच्यापुढं कोणाची काय बिशाद.

"एक शब्द बोलू नको," रुखमाबाई म्हणाली.

"आई, ते बर्फ होतं! पुरं झालं होतं ते!"

"मले माहित हाय."

"काय माहित हाय?"

"बर्फ हाय ते. तूच त सांगतलं होतं मागच्या आठवड्यात. मी म्हटलं, राख पडल्यावानी काहून दिसते वो हे, त तू हासली. परवा खाली नाव टाकलं तू, तेबी पाहिलं मी."

"आन् तरी थांबवलं नाही? घरातच होती ना तू?"

"इथंच होती. सरस मीच शिजवला."

आता बोला! बाप नकळत करून बसला, ते एक वेळ गिळता आलं असतं. पण ही पाच तास डोळ्यांदेखत बघत होती? पोरीचं वर्ष हिरव्या रंगाखाली जाताना ही बाई चुलीपाशी सरस ढवळत बसली होती? तृप्तीचे कान गरम झाले. सख्खी आई आहे का कोण आहे ही, असं तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला लाजही वाटली नाही.

"तू गेली आन् ते ओसरीत गेले," रुखमाबाई सांगू लागली. "मी चाय घेऊन गेली, त चित्रापुढं उभे. मले म्हणते, पोरीनं माह्यासाठी ठेवलं वो, सरस टाक. मी सांगाले गेली का हे पुरं झालं हाय. तोंड उघडलं मी तृप्ते, तुह्या गळ्याची शप्पथ, उघडलं. तेवढ्यात त्यायनं हात उचलला. आधी डाव्यानं धरून उचलला, मंग डावा सोडून देला. आन् उजवा वरतच राहिला! दोन वर्षं मी तो हात तेल लावून लावून चोळला. ताटातला घास उचलला नाही कधी त्यानं. मंग कशी थांबवू मी?"

ओट्यावर ओलं फडकं पडलेलं होतं, ते तिनं नकळत हातात घेतलं. तिला ठाऊक होतं की तिचं चित्र ॲक्रिलिकचं आहे, वाळल्यावर पाण्यानं त्याला काही होत नाही. आणि वरचा रंग सरसाचा, ओला हात लागला की सुटणारा. दहा-पंधरा मिनिटांचं काम, खालचं बर्फ जसंच्या तसं निघेल. पण ते फडकं घेऊन बापासमोर जायचं कसं? त्या मोरांवरून फडकं फिरवलं की हा माणूस पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, आणि या वेळी कायमचं करणार.

मग तिला वाट सुचली. "इथं नाही पुसत. असंच गाडीत टाकतो आन् नागपूरला जाऊन धुतो. त्यायले कायले समजते?"

"हो माय, तसंच कर," रुखमाबाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "इथं फक्त गोड बोल."

तृप्ती ओसरीत गेली आणि गोड बोलली. लय छान झालं बाबा, म्हणाली. मोर तर एकदम जिवंत, म्हणाली. खोटं बोलताना जीभ अडेल असं तिला वाटलं होतं, पण नाही अडली.

देवाजी मान डोलावत ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो काठी टेकत उठला. "रुखमे, माहा पांढरा कुरता काढ. मीबी जातो नागपूरले."



"कायले बाबा? एवढ्या उन्हाचं?"

"कायले म्हणजे? तुह्या मास्तरचं थोबाड पाहाले! थे बगीचा पाह्यते तवा मी समोर उभा पाहिजे. दोन वर्षं मेल्यावानी पडून होतो खाटेवर. आता नाही पडत!"

दोन वर्षं ज्याला दवाखान्यात न्यायला चार माणसं लागायची, तो स्वतःच्या तोंडानं नागपूरला निघाला होता. दुसरा कोणता दिवस असता तर रुखमाबाईनं गावभर साखर वाटली असती. आज तिनं कुरता काढून दिला आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. कोणता देव कामाला येणार होता, देवच जाणे.

साडेतीनलाच बाहेर हॉर्न वाजला. लिलाधरकाका म्हणजे चार म्हटलं की साडेतीनला दारात. मिशा पुसत आत आला आणि पाहून ओरडलाच, "अरे बापा! देवाजीभाऊ! हे तुमचं काम? हात आला तुमचा?"

"आला म्हणजे? गेला कुठं होता?" देवाजी कुरत्याच्या गुंड्या लावत म्हणाला. उजव्या हातानं लावत होता. एकेका गुंडीला मिनिट-मिनिट लागत होतं, पण लावत होता. "चाला, उचला. अस्तर पोरीचं, रंग बापाचा. दोघायचं मिळून हाय. पाहू त, कोण मास्तर काय म्हणते."

लिलाधरनं कॅनव्हासला हात घातला.

तृप्तीच्या डोळ्यांसमोर उद्याचे दहा वाजले. अख्ख्या कॉलेजपुढं कुरता घालून उभा बाप, भोवती पोरांचं हसू, आणि सरांचा एकच प्रश्न, हे काय आहे? परक्यांच्या तोंडून, चारचौघांत, त्याला कळणार. त्याहून आपल्या तोंडून कळलेलं बरं.

"काका, थांबा. खाली ठेवा ते." ती बापाकडं वळली. "बाबा, मी हे तुमच्यासाठी नव्हतं ठेवलं."

"तृप्ते!" आतून रुखमाबाई ओरडली.

तृप्तीनं मोबाइल काढून बापाच्या हातात दिला. परवा चित्र पूर्ण झाल्यावर काढलेला फोटो होता. देवाजीनं तो लांब धरला, मग जवळ धरला, मग पुन्हा लांब.

"हे काय हाय?"

"बर्फ हाय बाबा. परदेशात हिवाळ्यात आभाळातून पडते. सारा बगीचा झाकून जाते."

"फुलं?"

"नसते तवा."

"पानं?"

"झडून जाते."

"मोर त असतीन?"

"नाही बाबा. मोरबी नसते."

"मंग बगीचा कायचा तो!" देवाजी खेकसला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "पुरं झालं होतं?"

"परवाच. नाव टाकलं होतं मी. खाली, उजवीकडं."

देवाजी वाकून बघू लागला. त्या जागी त्याचा सगळ्यांत मोठा गुलाब होता. तो वाकलेलाच राहिला. लिलाधरकाकानं उगाच गमछा झटकला. देवाजीच्या हातातून मोबाइल निसटून स्टुलावर पडला, आणि तो उजवा हात पाच तास वर राहून आता खाली लोंबकळला. हात गेला, आपण बापाचा हात मारला, असंच तृप्तीला वाटलं.

"झालं समाधान?" रुखमाबाई दारात येऊन पोरीवर कडाडली. "मिळालं तुले?"

देवाजीनं हळूच मान वळवली. बायकोकडं बघितलं. "तू त इथंच होती. तुले माहित होतं?"

रुखमाबाई रंगाचे डबे गोळा करू लागली.

"रुखमे, माहित होतं तुले?"

"होतं!" ती फुटलीच. "होतं माहित! मीच नाही सांगतलं. पोरीचं वर्ष बुडते हेबी माहित होतं. बुडू द्या! वर्ष पुढच्या साली पुन्हा येते. हात कुठून येते?"

देवाजी बायकोकडं असा बघत होता, जणू चाळीस वर्षांत ही बाई त्यानं नीट पाहिलीच नव्हती. तृप्तीला रडू आवरेना. मघाशी आईबद्दल मनात काय आलं होतं, ते आठवून तिला आता खरोखर लाज वाटली. आणि राग गेला होता म्हणावं, तर तोही गेला नव्हता.

"बादली आण," देवाजी म्हणाला.

"मी पुसतो बाबा. तुमी बसा."

"हट बाजूले! रंग माहा हाय. ज्याचा रंग, त्यानं धुवावं. पडदे धुतल्याबिगर कोणता सीजन चालू झाला आमचा?"

बादली आली, फडकं आलं. डाव्या हातानं खिडकीचा गज धरल्याशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून पुसायचं ते उजव्यानंच आलं. पहिल्यांदा हात उठलाच नाही. दुसऱ्यांदा कमरेपर्यंत आला आणि पडला. कोणी पुढं झालं नाही, कारण त्यानं सगळ्यांकडं तसा डोळा वटारून बघितलं. तिसऱ्यांदा फडकं खालच्या पिवळ्या अक्षरांवर टेकलं. ‘देवाजी पेंटर आणि कन्या’ एका फटक्यात गेलं. मग गुलाब गेला आणि खालून तृप्तीचं नाव निघालं. मग कारंजं, कुंपणं, झाडं. हिरवं पाणी त्याच्या कोपरावरून ओघळून पांढऱ्या कुरत्यात शिरत होतं. शेवटी वरचे मोर राहिले. देवाजी टाचा उचलून उभा राहिला, दात-ओठ खाल्ले, आणि त्याचा हात डोक्याच्या वर गेला. रुखमाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"अरे, फोटो त काढा लागत होता," लिलाधरकाका एकदम म्हणाला.

कोणीच काढला नव्हता. स्टुलावर मोबाइल पडलेला असताना तृप्ती एवढा वेळ शेजारीच उभी होती, आणि बापानं दोन वर्षांनी काढलेला बगीचा बादलीत गेला. त्याचा एक तुकडासुद्धा कुठं उरला नव्हता. तृप्तीनं कपाळावर हात मारून घेतला.

"चाळीस वर्षं कोणी काढला नाही, आता कायले?" देवाजी म्हणाला. तो काठी टेकत मागं सरकला, पार समोरच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिथून त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डाग नाही ते," तो म्हणाला.

"सावली हाय बाबा."

"हो. दिसली. एवढं काढलं पोरीनं, माह्याच घरात, आन् मी ब्रश पुसला म्हणालो. चाळीस वर्षं पांढरं दिसलं का भरतच गेलो मी. थांबून पाहिलंच नाही कधी."

तृप्तीनं त्याला नागपूरला चला म्हटलं, दोनदा म्हटलं. तो नाही म्हणाला. "तुहं हाय ते. तू जा. मास्तर काय म्हणते ते फोन करून सांगजो, आन् वाकडं बोलला त त्याचं नावबी सांगजो."

चित्र चादरीत गुंडाळून पिकअपमध्ये बांधलं, तृप्ती लिलाधरकाकाच्या शेजारी बसली. गाडी वळवताना काकानं ब्रेक दाबला आणि आरशात बघत म्हणाला, "हे काय करून राहिले तुहे बाबा?"

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. भर उन्हात, हिरवा झालेला कुरता अंगावर तसाच ठेवून, देवाजी घराच्या पुढच्या भिंतीला लागला होता. डाव्या हातानं पायरीजवळचा खांब धरलेला, उजव्या हातात चुन्याचा मोठा ब्रश. रुखमाबाई बादली धरून त्याच्यावर ओरडत होती की ऊन उतरू द्या, चक्कर येईल. तृप्तीला आधी कळलंच नाही की तो काय करतोय. मग कळलं. उभ्या जन्मात दुसऱ्यांनी मारून ठेवलेल्या कापडापुढं येऊन उभा राहणारा तो माणूस स्वतःच्या हातानं अस्तर मारत होता.